एमपीआय मानक : रचना व सामुदायिक परीक्षण

एकाच वेळी काम करणाऱ्या अनेक संगणक-संस्कारकांना परस्परांकडे माहिती पाठविता यावी, यासाठी ठरविलेल्या कार्यसंग्रहाचे सर्वमान्य मानक. ‘मेसेज पासिंग इंटरफेस’ या मूळ नावावरून ते एमपीआय या संक्षिप्त नावाने ओळखले जाते. त्याची पहिली आवृत्ती मे १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पाचवी प्रमुख आवृत्ती जून २०२५ मध्ये मान्य झाली. हवामानाचे अंदाज, द्रवगतिकी, रेणूंची रचना, भूकंपलहरींचे पृथक्करण इ. विषयांतील मोठी आकडेमोड करणाऱ्या असंख्य आज्ञावल्या या मानकावर आधारलेल्या आहेत. असे असूनही कोणत्याही शासनाने ते लादलेले नाही वा कोणत्याही अधिकृत आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने ते संमत केलेले नाही. ज्यांना ते वापरावयाचे होते व ज्यांना ते प्रत्यक्षात उतरवावयाचे होते, अशा लोकांनी एकत्र येऊन त्याचे कलमवार परीक्षण केले, हाच त्याच्या अधिकाराचा आधार होय. त्यामुळे एमपीआयचा इतिहास हा एका तांत्रिक साधनाचा तसाच एका परीक्षणपद्धतीचाही इतिहास ठरतो.

पार्श्वभूमी : एका संस्कारकाच्या वेगाला भौतिक मर्यादा असल्याने मोठे गणित अनेक संस्कारकांत वाटून देण्याची कल्पना जुनीच आहे. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत चार्ल्स साइट्झ व जेफ्री फॉक्स यांच्या पुढाकाराने १९८०–९० या दशकाच्या प्रारंभी ‘कॉस्मिक क्यूब’ हा ६४ संस्कारकांचा संगणक उभारण्यात आला. त्यातील प्रत्येक संस्कारकाची स्मृती स्वतंत्र होती. एकाजवळची संख्या दुसऱ्याला हवी असल्यास ती संदेशरूपाने पाठवावी लागे. हीच रचना पुढे अनेक कंपन्यांनी स्वीकारली.

संदेश पाठविणे, तो स्वीकारणे, एकाची माहिती सर्वांना देणे, सर्वांजवळच्या संख्यांची बेरीज करणे अशी कामे प्रत्येक आज्ञावलीत पुन्हापुन्हा येतात. ती दर वेळी नव्याने लिहावी लागू नयेत म्हणून त्यांचा तयार संग्रह पुरविला जातो. अशा संग्रहास संगणक व्यवसायात ‘लायब्ररी’ म्हणतात. अडचण अशी होती, की प्रत्येक कंपनीची लायब्ररी वेगळी होती. इंटेलची एनएक्स, एनक्यूब कंपनीची व्हर्टेक्स, थिंकिंग मशीन्सची सीएमएमडी आणि आयबीएमची ईयूआय या साऱ्यांत कार्यांची नावे, त्यांना द्यावयाच्या माहितीचा क्रम व बारीकसारीक अर्थ निरनिराळे असत. एका यंत्रासाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्या यंत्रावर चालविण्यासाठी तिचा मोठा भाग पुन्हा लिहावा लागे.

यात वैज्ञानिकांचे नुकसान मोठे होते. मोठा संगणक चार-पाच वर्षांत कालबाह्य होतो. हवामानाची किंवा अणुकेंद्रीय गणिताची आज्ञावली मात्र घडविण्यास अनेक वर्षे लागतात आणि ती दोन-तीन दशके वापरात राहते. यंत्र बदलले वा कंपनी बुडाली, की तिच्या लायब्ररीवर विसंबून लिहिलेले सारे काम निराधार होई. ही भीती काल्पनिक नव्हती. या क्षेत्रात अग्रेसर मानल्या गेलेल्या थिंकिंग मशीन्स कंपनीने १९९४ मध्ये दिवाळखोरीविषयक कायद्याचे संरक्षण मागितले.

या अडचणीवर उपाय म्हणून विद्यापीठे व संशोधनसंस्था यांनी अनेक यंत्रांवर चालू शकतील असे संग्रह तयार केले. आर्‌गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेचा पी-फोर, जर्मनीत विकसित झालेला पारमॅक्स, अँथनी स्केलम व त्यांच्या सहकाऱ्यांचा झिपकोड आणि ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९८९ मध्ये सुरू झालेला पीव्हीएम हे त्यांपैकी प्रमुख होत. पीव्हीएमचा प्रसार तर फार मोठा होता. तथापि यांतील प्रत्येक संग्रह एकेका गटाचा होता. त्याच्या रचनेतील निर्णय तो गट घेई व इतरांना ते स्वीकारावे लागत. परिणामी बोली कमी होण्याऐवजी त्यांत आणखी भर पडली. सर्वमान्य मानकाची गरज सर्वांना पटली होती. ते कोणी ठरवावे, हा खरा प्रश्न होता.

पहिला मसुदा : या प्रश्नाचा विचार करण्यासाठी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात विल्यम्सबर्ग येथे २९ व ३० एप्रिल १९९२ रोजी एक कार्यसत्र भरविण्यात आले. संदेशप्रेषणाच्या मानकात कोणत्या गोष्टी असणे अत्यावश्यक आहे, याची तेथे चर्चा होऊन पुढील कामासाठी एक गट नेमण्यात आला. त्यानुसार जॅक डाँगॅरा, रॉल्फ हेंपेल, टोनी हे आणि डेव्हिड वॉकर यांनी नोव्हेंबर १९९२ मध्ये एक प्राथमिक मसुदा मांडला. फेब्रुवारी १९९३ मध्ये त्याची सुधारित प्रत तयार झाली.

हा मसुदा हेतुतःच अपुरा ठेवलेला होता. एका संस्कारकाकडून दुसऱ्याकडे संदेश पाठविण्याचाच विचार त्यात मुख्यतः केलेला होता. सर्व संस्कारकांनी मिळून करावयाच्या सामूहिक कार्यांचा त्यात समावेश नव्हता. परिपूर्ण प्रस्ताव मांडून त्यावर संमती मागण्याऐवजी चर्चेला तोंड फोडणे, एवढाच मसुदाकारांचा उद्देश होता. हे धोरण पुढे फलदायी ठरले. अपुऱ्या मसुद्यात प्रत्येकाला काही भर घालता येते आणि टीका करणाऱ्यावर पर्याय सुचविण्याचीही जबाबदारी येते.

परीक्षणाची संघटना : नोव्हेंबर १९९२ मध्ये मिनीॲपोलिस येथे भरलेल्या बैठकीत या कामाला अधिक नियमबद्ध स्वरूप देण्याचे ठरले. त्यासाठी नमुना उपलब्ध होता. राइस विद्यापीठातील केन केनेडी यांच्या पुढाकाराने ‘हाय परफॉर्मन्स फोर्ट्रान’ या भाषेसाठी त्याच वर्षी एक खुला मंच स्थापन झाला होता. त्याचीच कार्यपद्धती स्वीकारून एमपीआय फोरम हा मंच अस्तित्वात आला. डाँगॅरा व वॉकर हे त्याचे निमंत्रक होते. सुमारे ४० संस्थांतील ६० व्यक्तींनी या कामात भाग घेतला. त्यांत समांतर संगणक बनविणाऱ्या बहुतेक प्रमुख कंपन्यांचे अभियंते तसेच अमेरिका व यूरोप येथील विद्यापीठे, शासकीय प्रयोगशाळा व उद्योग यांतील संशोधक होते.

जानेवारी ते सप्टेंबर १९९३ या नऊ महिन्यांत दर सहा आठवड्यांनी दोन दिवसांची बैठक टेक्सस राज्यातील डॅलस येथे होत असे. विषयवार उपसमित्या नेमलेल्या होत्या : एकास-एक संदेश, सामूहिक कार्ये, गट व संदर्भ, संस्कारकांची मांडणी, भाषांशी जोडणी, कार्यमापन इत्यादी. प्रत्येक उपसमिती आपले प्रकरण लिहून पूर्ण सभेपुढे ठेवी. बैठकांच्या मधल्या काळात ई-मेलद्वारा चर्चा चाले व तिच्या नोंदी कोणालाही पाहता येत.

निर्णयाचे नियम साधे होते. चर्चेत कोणालाही भाग घेता येई आणि कल आजमावण्यासाठी उपस्थितांचे अनौपचारिक मतही घेतले जाई. औपचारिक मतदानात मात्र प्रत्येक संस्थेला एकच मत असे. मोठ्या कंपनीचे दहा अभियंते आले, तरी मत एकच. शिवाय लगतच्या तीन बैठकांपैकी दोन बैठकांस उपस्थित असलेल्या संस्थेलाच मताचा अधिकार मिळे. त्यामुळे एखाद्या कलमाच्या वेळी अचानक येऊन निकाल फिरविणे कोणाला शक्य नव्हते. विधिमंडळात विधेयकाची वाचने होतात, त्याप्रमाणे प्रत्येक प्रकरणाचे वाचन व मतदान वेगवेगळ्या बैठकांत दोनदा होई. पहिल्या व दुसऱ्या वाचनांमधील सहा आठवड्यांत उत्साहाच्या भरात मंजूर झालेल्या कलमातील दोष लक्षात येण्यास अवधी मिळे.

वादाचे दोन विषय : परीक्षणाने मूळ प्रस्तावात किती खोल बदल घडविला, हे दोन उदाहरणांवरून दिसून येते.

पहिला प्रश्न संदेश पाठविण्याच्या अर्थाविषयी होता. पत्र पेटीत टाकले, की पाठविणाऱ्याचे काम संपते; हातोहात द्यावयाचे असेल, तर घेणारा येईपर्यंत थांबावे लागते. संस्कारकांच्या बाबतीतही हे दोन पर्याय आहेत. पहिल्या पर्यायात संदेशाची प्रत तात्पुरती साठविण्यासाठी स्मृती खर्ची पडते व नक्कल करण्यात वेळ जातो. दुसऱ्यात ही दोन्ही वाचतात; पण दोन संस्कारक एकाच वेळी एकमेकांना संदेश देऊ लागले व दोघेही घेणाऱ्याची वाट पाहत थांबले, तर काम कायमचे अडून बसते. काही यंत्रांवर पहिला पर्याय सोयीचा होता, तर काहींवर दुसरा. मंचाने यांपैकी एकाचीच सक्ती केली नाही. सर्वसाधारण प्रेषणात ही निवड यंत्राच्या सोयीवर सोपविण्यात आली आणि ज्या आज्ञावलीकाराला विशिष्ट अर्थच हवा असेल, त्याच्यासाठी साठवणुकीचे, समकालिक व सज्ज असे प्रेषणाचे वेगळे प्रकार ठेवण्यात आले. साठवणुकीवर विसंबून लिहिलेली आज्ञावली सुरक्षित नाही, असा स्पष्ट इशाराही मानकात नोंदविण्यात आला.

दुसरा प्रश्न अधिक मूलभूत होता. जुन्या संग्रहांत संदेशाची ओळख पटविण्यासाठी त्याला एक क्रमांक देत. एका आज्ञावलीपुरते ते ठीक होते. परंतु वैज्ञानिकाने आपल्या आज्ञावलीत दुसऱ्या कोणी लिहिलेला, समजा समीकरणे सोडविण्याचा, तयार संग्रह वापरला व दोहोंनी योगायोगाने तोच क्रमांक निवडला, तर एकाचा संदेश दुसऱ्याच्या हाती पडे. गणित थांबत नसे, पण उत्तर चुकत असे, आणि हा दोष शोधणे अत्यंत कठीण असे. झिपकोडमधील अनुभवाच्या आधारे या बाबीचा विचार स्केलम, लिंडन क्लार्क, मार्क स्निर, रिचर्ड लिटलफील्ड व मार्क सिअर्स यांच्या उपसमितीने केला. त्यातून ‘कम्युनिकेटर’ ही संकल्पना आकारास आली. संस्कारकांचा गट व त्याला नेमून दिलेला स्वतंत्र संदर्भ यांची ती जोडी आहे. हा संदर्भ आज्ञावलीकार निवडत नाही, तर प्रणाली स्वतः ठरविते. म्हणून एका संदर्भातील संदेश दुसऱ्या संदर्भात कधीच स्वीकारला जात नाही. परस्परांना अनोळखी असलेल्या लोकांनी लिहिलेले संग्रह एकाच आज्ञावलीत निर्धास्तपणे वापरता येऊ लागले, ते या संकल्पनेमुळे.

असे निर्णय केवळ नियमरूपाने लिहून मंच थांबला नाही. मानकात ठिकठिकाणी निर्णयामागील कारणमीमांसा, उपयोगकर्त्यांना सल्ला व अंमलबजावणी करणाऱ्यांना सल्ला अशी वेगळी टिपणे देण्यात आली आहेत. नाकारलेला पर्याय का नाकारला, हे त्यांमुळे पुढील पिढीला कळू शकते.

मसुद्याबरोबर अंमलबजावणी : कागदावर निर्दोष वाटणारे कलम प्रत्यक्षात उतरविता येईलच, असे नसते. म्हणून मिनीॲपोलिसच्या बैठकीतच आर्‌गॉन प्रयोगशाळेतील विल्यम ग्रॉप व यूइंग लस्क यांनी मसुद्याची अंमलबजावणी तत्काळ सुरू करण्याची तयारी दर्शविली. पी-फोर व ग्रॉप यांचा शमेलिऑन या संग्रहांच्या आधारे त्यांनी एमपिच ही प्रणाली रचली. मसुदा बदलला, की तीही बदलली जाई. त्यामुळे एखादे कलम संदिग्ध आहे की खर्चिक, हे वादाऐवजी प्रयोगाने ठरविता येऊ लागले. मानक प्रसिद्ध झाले त्याच सुमारास ते वापरण्याचे साधनही लोकांच्या हाती विनामूल्य आले.

पूर्ण मसुदा नोव्हेंबर १९९३ मध्ये पोर्टलंड येथील सुपरकंप्यूटिंग परिषदेत सादर करण्यात आला. त्यानंतर तो जाहीर अभिप्रायांसाठी खुला ठेवण्यात आला व आलेल्या सूचनांनुसार त्यात काही बदल करून पहिली आवृत्ती सिद्ध झाली. तीत सव्वाशेच्या आसपास कार्ये असली, तरी त्यांपैकी सहांच्या साहाय्याने उपयुक्त आज्ञावली लिहिता येते. आज्ञावली चालू असताना नवे संस्कारक सामील करून घेणे, दुसऱ्याच्या स्मृतीत परस्पर लिहिणे आणि समांतर संचिका हाताळणे या मागण्या आग्रहाने पुढे आल्या होत्या. ठरलेल्या मुदतीत त्यांचे पुरेसे परीक्षण होणार नाही, हे ओळखून त्या वगळण्यात आल्या.

तौलनिक विचार : केवळ कार्यपद्धती चांगली असली, की यश मिळतेच असे नाही. ज्या हाय परफॉर्मन्स फोर्ट्रान मंचाची कार्यपद्धती एमपीआयने उचलली, त्याने मे १९९३ मध्ये आपल्या भाषेची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. नियम व मतदानपद्धती सारखीच असूनही त्या भाषेचा प्रसार मर्यादित राहिला. ती ज्या फोर्ट्रान ९० भाषेवर आधारलेली होती, तिचेच भाषांतरक त्या वेळी परिपक्व झालेले नव्हते. नव्या भाषेचे वेगवान भाषांतरक तयार होण्यास वर्षे लागली, तोवर वैज्ञानिक संदेशप्रेषणाकडे वळले होते. याउलट एमपीआयमधील बहुतेक कल्पना कोणत्या ना कोणत्या जुन्या संग्रहात आधीच वापरून पाहिलेल्या होत्या व उरलेल्या एमपिचमध्ये लगोलग तपासल्या जात होत्या.

पुढील आवृत्त्या व दोष : आधीच्या अनुभवाचे महत्त्व एमपीआयच्या स्वतःच्या इतिहासातूनही स्पष्ट होते. मार्च १९९५ मध्ये मंचाने वगळलेल्या विषयांवर काम सुरू केले व जुलै १९९७ मध्ये दुसरी आवृत्ती प्रसिद्ध झाली. तीतील समांतर संचिकांची सोय उपयुक्त ठरली. दुसऱ्याच्या स्मृतीत परस्पर लिहिण्याच्या नियमांवर मात्र बरीच टीका झाली आणि सप्टेंबर २०१२ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्यांची मोठ्या प्रमाणावर फेररचना करावी लागली. सी प्लस प्लस या भाषेसाठी दिलेली जोडणी २००९ मध्ये त्याज्य ठरविण्यात आली व २०१२ मध्ये काढून टाकण्यात आली. नव्या संस्कारकांना सामील करून घेण्याची सोय तुलनेने फार थोड्यांनी वापरली. ज्या भागांमागे वापराचा अनुभव कमी होता, तेथे त्याच मंचाकडून त्याच नियमांखाली चुका झाल्या.

चौथी आवृत्ती जून २०२१ मध्ये निघाली. जून २०२५ मधील पाचव्या आवृत्तीने एक जुनी उणीव दूर करण्याची वाट मोकळी केली. तोपर्यंत मानकाने आज्ञावलीचे लिखित रूपच निश्चित केलेले होते. यंत्रभाषेत रूपांतरित झालेली आज्ञावली एका अंमलबजावणीकडून दुसरीकडे तशीच नेता येत नसे. या आवृत्तीत यंत्रभाषेच्या पातळीवरील जोडणीचेही मानक समाविष्ट झाले. कोणताही प्रस्ताव वाचन व वेगवेगळ्या बैठकांतील दोन मतदाने यांतून जावा, हा नियम या साऱ्या काळात टिकून राहिला.

भारतातील उपयोग : एमपीआय मंचाच्या स्थापनेच्या सुमारासच भारतात समांतर संगणनास प्रारंभ झाला होता. पुणे येथे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजेच सी-डॅक या संस्थेने, विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार केला. ट्रान्स्प्यूटर नावाच्या संस्कारकांच्या या जाळ्यात संदेशप्रेषण हाच कार्याचा गाभा होता. त्यासाठी केंद्राने परास हे स्वतःचे आज्ञावली-वातावरण विकसित केले. १९९८ मधील परम १०००० या संगणकासाठी मात्र केंद्राने एमपीआय मानकाची आपली अंमलबजावणी उपलब्ध करून दिली. स्वतंत्र बोलीकडून सामाईक मानकाकडे झालेला जो प्रवास इतर देशांतील निर्मात्यांनी केला, तोच पुण्यातही घडला. त्यामुळे इतरत्र लिहिलेल्या हवामानाच्या व रेणवीय गणिताच्या आज्ञावल्या भारतीय यंत्रांवर आणणे पुष्कळ सोपे झाले.

मूल्यमापन : एमपीआयवर आक्षेप नाहीत असे नव्हे. ते फार खालच्या पातळीवरचे आहे, गणिताची वाटणी व प्रत्येक संदेशाची जबाबदारी आज्ञावलीकारावर पडते, एखादा संस्कारक बंद पडल्यास सारे काम कोलमडते, ही टीका जुनी व बऱ्याच अंशी रास्त आहे. दोनदा वाचन करणाऱ्या मंचाची गती मंद असते, हेही खरे. पीव्हीएमसारख्या एकाच गटाच्या संग्रहात नवी सोय काही आठवड्यांत करता येई. तथापि एका गटाला चटकन बदलता येणाऱ्या साधनावर वीस वर्षांचे काम सोपविण्यास इतर लोक कचरतात. १९९४ च्या आवृत्तीस धरून काटेकोरपणे लिहिलेली आज्ञावली बव्हंशी आजच्या यंत्रांवरही चालते. त्या काळच्या अनेक कंपन्या व जवळजवळ सर्व यंत्रे मात्र इतिहासजमा झाली आहेत.

या टिकाऊपणाचे श्रेय कोणा एकाच्या कल्पकतेला देता येणार नाही. अपुरा मसुदा खुलेपणाने मांडणे, प्रतिस्पर्ध्यांना समान मत देणे, निर्णयाला दुसऱ्या विचाराचा अवधी देणे, कारणे लिहून ठेवणे, कलम प्रत्यक्ष चालवून पाहणे आणि ज्याची परीक्षा झाली नाही ते वगळण्याचा संयम राखणे, या गोष्टी त्यामागे आहेत. यांपैकी शेवटच्या दोन गोष्टी जेथे सुटल्या, तेथे उरलेल्या नियमांचा फारसा उपयोग झाला नाही, हा या इतिहासाचा निष्कर्ष होय.